उलट्या चालीच्या गल्लीत आत्या

तिसऱ्या मजल्यावरच्या आत्या भर दुपारी, चारचौघांदेखत, एका परक्या पुरुषाच्या मांडीवर जाऊन बसल्या, ही बातमी आमच्या इमारतीत खुद्द आत्या परत यायच्या आधी येऊन पोचली. आणली ती तळमजल्यावरच्या शिंप्याने. तो शहराच्या त्या टोकाला बटणं घ्यायला गेला होता. आता शिंप्याची नजर म्हणजे सुईच्या नेढ्यापुरती पक्की. त्यापलीकडे जे दिसतं ते तो अंदाजाने बेततो आणि तोंडाने शिवतो. तळमजल्यावर ती नुसतीच मांडी होती. पहिल्या मजल्यावर ती ओळखीची मांडी झाली. दुसऱ्यावर पोचेपर्यंत लग्न ठरलं होतं. आणि तिसऱ्या मजल्यावर आत्यांच्या सुनेने दार उघडलं तेव्हा तिच्या कानावर आलं ते असं, की सासूबाईंनी माणूस पाहिला, जागा पाहिली, आता फक्त पेटी न्यायला तेवढ्या येणार आहेत.

"काहीतरीच काय! आईंचं वय काय, तुम्ही बोलता काय!" सून म्हणाली खरी, पण तिच्या हातातला डाव खाली पडला तो पडलाच. लग्नावर तिचा विश्वास नव्हता. 'जागा पाहिली' हे मात्र खरं असू शकतं, हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

तेव्हा आधी निवाडा करून टाकू. मांडी खरी. पुरुष खरा, पण परका नव्हे. लग्न साफ खोटं. आणि आत्या त्या मांडीवर बसल्या नाहीत, पडल्या. पडल्या, कारण त्या उलट चालत होत्या. आता धडधाकट बाई भर बाजारात उलट का चालत होती, हे समजायचं तर आधी आत्या समजायला हव्यात, आणि ते काम इमारतीत अजून कोणाला पुरतं जमलेलं नाही.

आत्या नात्याने एकाच भाच्याच्या आत्या, आणि तो भाचाही सातासमुद्रापार. पण इमारतीतल्या सगळ्यांनी ते नातं उचललं आणि परत दिलंच नाही. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात त्यांनी उभा जन्म काढला. शेवटची काही वर्षं तिथल्या मुकादम होत्या. हात असे, की त्यांनी गच्चीत चादर झटकली तर शेजारच्या दोरीवरचे रुमाल आपोआप वाळतात. धुलाईयंत्रांच्या घरघरीवर ओरडून ओरडून आवाजही असा झालाय, की त्या कोणाच्या कानात गुपित सांगतात तेव्हा जिन्यातलं मांजर कान टवकारतं.

आणि त्यांची सवय म्हणजे 'आमच्या गल्लीत'. कोणाचं पायपुसणं चोरीला गेलं, पाण्याची वेळ चुकली, कोणी जिन्यात सायकल लावली, की आत्या कंबरेवर हात ठेवून सुरू: "आमच्या गल्लीत असं नव्हतं! आमच्या गल्लीत दाराला कडी नव्हती!" एकदा दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले, "आत्या, कडी नव्हती की दारच नव्हतं?" तर त्यानंतर कितीतरी दिवस मास्तर जिन्यात भेटले की आत्या भिंतीशी बोलायच्या.

ती गल्ली दोर वळणाऱ्यांची. लांबच लांब, सरळ, ताणलेल्या सुतासारखी. एका टोकाला मोठं चाक. एकाने ते फिरवायचं. दुसऱ्याने कंबरेला तागाचा भारा बांधायचा, त्यातलं टोक चाकाच्या आकड्याला अडकवायचं आणि बोटांनी ताग सोडत सोडत मागे मागे जायचं. चाक पीळ देणार, माणूस मागे जाणार, सूत लांबत जाणार. अख्खी गल्ली दिवसभर अशी उलटी चालायची. आणि नियम एकच, पण कडक: चालणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही. मान वळली की बोटं सैल पडतात, बोटं सैल पडली की सुतात ढेकूळ येतं. मग मागे खड्डा असो, बादली असो, नाहीतर रांगणारं पोर असो, ते सांगायचं काम मागे असेल त्याचं. त्याने ओरडायचं, "पाठऽ!" की चालणाऱ्याने जागच्या जागी थांबायचं. गल्लीतली पोरं 'आई' म्हणायच्या आधी 'पाठ' म्हणायला शिकायची. बघूनही जो ओरडला नाही त्याला साऱ्या गल्लीने फैलावर घ्यायचं, मग तो कोणी का असेना.

लग्न होऊन आत्या त्या गल्लीतून निघाल्या त्या निघाल्या. आई-बाप गेले, भावंडं पांगली, जाणं राहून गेलं. पण गल्ली तोंडात होती, आणि तोंडात होती म्हणून ती दरवर्षी थोडी थोडी लांब, रुंद आणि गुणी होत गेली. दुरून डोंगर साजरे म्हणतात; आत्यांची गल्ली तर डोंगरावरूनही साजरी होती.

आणि मग निघालं विहीणबाईंचं प्रकरण.

सुनेची आई एकटी राहायची, चांगल्या चार जिन्यांवर. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सून एकुलती एक. एका सकाळी ती चहाचा कप घेऊन आत्यांसमोर येऊन बसली.

"आई, एक विचारायचं होतं."

"विचारू नकोस, सांग. तू विचारतेस तेव्हा ठरलेलं असतं."

"माझ्या आईला आता एकटीने जिने उतरून दूध-भाजी आणणं जमायचं नाही. तिला इथे आणावं म्हणते."

"आण की. माझी कसली हरकत? ठेवणार कुठे?"

सुनेने आत्यांच्या खोलीकडे पाहिलं. एकच खिडकी, एकच पलंग, एकच कपाट. मुलाने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते उलटं होतं, पण त्याला त्यातलं वाचायचं नव्हतंच.

"एका म्यानात दोन तलवारी?" आत्या म्हणाल्या. "आणि ती घोरते. तुमच्या लग्नात भिंतीपलीकडून ऐकलंय मी. मला वाटलं वाजंत्री आली."

"आई, थोडे दिवसच गं," पेपराआडून मुलगा बोलला.

"गुडघे थोड्या दिवसांचे नसतात रे. येऊ दे तिला. अख्खी खोली घेऊ दे. मी जाते माझ्या गल्लीत. तिथे भाड्याने खोली घेते आणि मानाने राहते. तिथे मला 'थोडं सरकून घ्या' म्हणणारं कोणी नाही."

"ती गल्ली आहे का तरी अजून?"

"नसायला काय झालं? गल्ली कुठे जाईल? तिला काय पाय आहेत?"

राग आहे, उतरेल, असं सगळ्यांना वाटलं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि आत्या तर सुंभाच्याच गल्लीत वाढलेल्या. विहीणबाईंना इस्पितळातून सोडायचा दिवस जवळ आला, तशा एका सकाळी आत्यांनी केसांना तेल लावलं, ठेवणीतल्या चपला घातल्या, आणि "खोली बघून येते" एवढंच सांगून बस पकडली. सून खिडकीतून बघत राहिली. आईला आणावं तर सासू जाते, सासू ठेवावी तर आई तिकडे चार जिन्यांवर एकटी अडकते. त्या बिचारीला इकडे आड तिकडे विहीर झालं होतं.

बसमधून उतरल्यावर आत्या गल्लीच्या तोंडावरून दोनदा पुढे गेल्या. त्या गल्ली नाकाने शोधत होत्या. ओल्या तागाचा आणि चाकाच्या तेलाचा वास आला की वळायचं, हे त्यांच्या पायांना ठाऊक. पण तो वास कुठेच येईना. येत होता तो भाजलेल्या पावाचा आणि कॉफीचा. शेवटी कोपऱ्यावरचा झिजलेला दगड ओळखीचा निघाला. लहानपणी त्यावर आपटून सगळ्यांनी गुडघे फोडून घेतलेले. आत्या वळल्या.

रागवायची सगळी तयारी त्या करूनच आल्या होत्या. काय ही दशा, कशी होती आणि काय झाली, असं म्हणायचं, पदरची दोन टिपं गाळायची आणि तरीही तिथेच राहायचं, असा बेत. पण गल्लीने बेतावर पाणी ओतलं. आत्या सुतकी तोंड करून आल्या होत्या, आणि गल्ली नटून बसली होती! चिखल होता तिथे फरशी. वाहनांना बंदी. दोन्ही बाजूंनी कुंड्या, मध्ये मध्ये बाक. घरांना औषधाच्या गोळ्यांसारखे रंग, एक गुलाबी, एक पिवळं, एक पुदिन्यासारखं. खाली दुकानं: पाववालीचं, सायकली दुरुस्त करणाऱ्याचं, चित्रांच्या चौकटी करणाऱ्याचं, बटणांचं. कोणी कोणावर ओरडत नव्हतं. जो तो हसून बाजूला होत होता. एका दारावर आत्यांनी थाप मारून पाहिली, उगाच, जुन्या सवयीने. दार उघडलं नाही. कडी तर नव्हतीच, खरं. तिच्या जागी आकड्यांची पाटी होती आणि आकडे दाबल्याशिवाय दार ऐकत नव्हतं.

"मेल्यांनो, घर आहे की तिजोरी?" आत्या पुटपुटल्या, आणि वळल्या तर काय!

गल्लीच्या मधोमध सात-आठ म्हातारी माणसं ओळीने उलट चालत येत होती.

आत्यांच्या काळजाने एक उडी मारली. क्षणभर त्यांना वाटलं, काहीच गेलेलं नाही. चाक त्या टोकाला आहे, आई आत्ता येईल. पण कोणाच्याच कंबरेला ताग नव्हता. बोटं नुसतीच हवेत. बाजूने पांढरे बूट घातलेली एक तरणी मुलगी टाळ्या वाजवत चालली होती.

"बाई, यांचा दोर कुठाय?" आत्यांनी विचारलं.

"दोर?" मुलगी हसली. "आजी, हा गुडघ्यांचा व्यायाम आहे. उलटं चाललं की गुडघ्याच्या मागचे स्नायू सुधारतात. ही गल्ली सरळ आणि सपाट, म्हणून माझा वर्ग मी इथे घेते."

"आणि यांना याचे पैसे मिळतात?"

"मिळतात कसले, ते देतात!"

आत्या इतक्या हसल्या, की त्यांना बाकाचा आधार घ्यावा लागला. "माझ्या आईला हे कळलं असतं ना, तर तिने दोर सोडून गुडघेच वळले असते! जन्मभर उलटी चालली बिचारी, आणि वर आम्हीच तिला जेवायला मागायचो."

इथवर सगळं ठीक होतं. पण त्या माणसांचं चालणं आत्यांना बघवेना. दर दोन पावलांना सगळ्यांच्या माना घुबडासारख्या मागे. पाय इकडे, लक्ष तिकडे. मुकादमकी अशी सुटत नाही. आत्या म्हणाल्या, "मागे काय बघताय? समोर बघा! मागचं मागचे बघतील!"

"मागे कोणी नाहीये हो बाई," एक टक्कलवाले गृहस्थ म्हणाले.

"गल्लीत राहून मागे कोणी नाही? सरका. दाखवते."

आणि आत्यांनी पिशवी बाकावर ठेवली, पाठ ताठ केली, कंबरेशी हात आणले, आणि नसलेला ताग बोटांनी सोडत निघाल्या. काय सांगावं! बाई अशी मागे सरकत गेली, की डोक्यावर भरलेलं भांडं ठेवलं असतं तरी थेंब सांडला नसता. मान जागची हलली नाही. कुठे उतार लागणार, कुठे पाणी जायची खाच होती, सगळं टाचांना पाठ. ओळ थांबली. पांढऱ्या बुटांची मुलगी टाळ्या वाजवायची विसरली आणि मग खऱ्या टाळ्या वाजवू लागली. सायकलवाला पाना घेऊन बाहेर आला. आत्यांना टाळ्या ऐकू येत होत्या, आणि टाळ्यांनी माणसाला आणखी चार पावलं जास्त चालावंसं वाटतं.

आता अंगात हाडं आहेत तसं आत्यांच्या अंगात हे होतं, की मागे काही आलं तर कोणीतरी ओरडेल. ओरडेलच. न ओरडायला ते काय परगावचे आहेत? गल्लीबाहेरचा कोणी असता तर त्याने मान वळवली असती. आत्यांनी नाही वळवली. आणि जिथे त्यांच्या लहानपणी शेवटपर्यंत मोकळी जमीन होती, तिथे आता एका कॉफीच्या दुकानाने टेबलं-खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्याच खुर्चीत एक म्हातारा टोपी डोळ्यांवर ओढून ऊन खात बसला होता.

आत्या थेट त्याच्या मांडीवर. कप खाली, कॉफी आत्यांच्या ठेवणीतल्या चपलांवर.

चहूबाजूंनी 'सॉरी, सॉरी' सुरू झालं. मुलगी सॉरी म्हणाली, दुकानदार सॉरी म्हणाला, ज्यांचा काही संबंध नव्हता तेही म्हणाले. आत्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही. आहेत त्या जागेवरूनच मान वळवून त्या गरजल्या, "'पाठ' म्हणायला तोंड शिवलं होतं का?"

आणि खालून तितक्याच जोरात उत्तर आलं, "डोळा लागला होता माझा! आणि कामाशिवाय गल्लीत उलटं चालायचं नाही, हे तुझ्या आईने शिकवलं नाही का तुला?"

दोघांनीही कान टवकारले. जगात असं भांडणारी माणसं एकाच गल्लीत होती.

"कोण रे तू?" आत्यांनी विचारलं.

"आधी उठ. मग सांगतो. पायाला मुंग्या आल्या."

"आवाज ओळखीचा आहे. आधी सांग."

"चाक्या!"

म्हणजे गल्लीच्या टोकाचं चाक फिरवणाऱ्याचा मुलगा. बाप दमला की हा फिरवायचा, म्हणून चाक्या.

"चाक्या? अरे, तू गेलास असं ऐकलं होतं मी!"

"मीही ऐकलं होतं. पण मी खात्री करून घेतली." त्याने टोपी वर सारून तिच्याकडे निरखून पाहिलं. "आणि तू शेपटी! तागाची शेपटी लावून आईच्या मागे मागे फिरणारी. उठ आता, शेपटे. तेव्हा हलकी होतीस."

नेमका याच घडीला आमचा शिंपी बटणांच्या दुकानातून बाहेर पडला. जेवढं दिसलं तेवढं खिशात घालून तो बस पकडायला पळाला. पुढचं त्याने पाहिलं असतं तर बातमी इतकी रंगली नसती.

पुढचं असं, की आत्या उठल्या, समोरच्या खुर्चीत बसल्या आणि दोघांनी एकमेकांची यथेच्छ उणीदुणी काढली. कॉफीचं दुकान चाक्याच्या मुलाचं, आणि चाक्या तिथलं कायमचं फुकट गिऱ्हाईक. नायलॉनचे दोर आले तशी गल्ली बसली, लोक उठले. चाक्याने जन्मभर ट्रक चालवला. "सरळ!" तो अभिमानाने म्हणाला. "पण माल उतरवायला ट्रक मागे घ्यायचा असला, की सगळे मलाच बोलवायचे."

"बाकीचे कुठे आहेत रे सगळे?"

"काही वर गेले, काही उपनगरात गेले. वर गेलेले निदान स्वप्नात तरी येतात."

आत्या हसल्या, आणि मग त्यांनी आपलं काम सांगितलं. विहीणबाई, गुडघा, सुनेचा चहा, सगळं. चाक्याने मांडीवर थाप मारली आणि कळवळला. "खोली? अगं, पाववालीच्या वरची रिकामी आहे. आणि कुठली ठाऊकाय? तुमचीच!"

पाववाली चाळिशीची, कोपरापर्यंत पीठ, तोंडावर हसू. तिने हात पुसत दार उघडलं. बाहेर भिंतीत लोखंडी आकडा तसाच होता, ज्याला दोराचं टोक अडकवायचे. त्याला तिने फुलांची कुंडी टांगली होती. वरती खोली चुन्यासारखी स्वच्छ. मोठी खिडकी, तिच्यातून अख्खी गल्ली दिसत होती. नळ खोलीतच. खाली भट्टी, त्यामुळे थंडीत जमीन उबदार. "मावशी, सकाळी गरम पाव वरच पाठवीन मी," पाववाली म्हणाली. "आणि काही लागलं-सवरलं तर नुसती हाक मारा."

आत्या खोलीभर फिरल्या. भिंतीवर टकटक केलं, नळ सोडून पाहिला, खिडकी तीनदा उघडली. कुठेही नाव ठेवायला जागा सापडेना. खोली आवडली, हीच मोठी पंचाईत झाली. घरी तोंडाने म्हटलेलं आता खरोखर करायची वेळ आली होती. "हो" म्हणायचं, पेटी आणायची, की झालं. सून-मुलगा रविवारी येतील, पाव खातील, जातील. आत्यांनी शेवटचा प्रयत्न केला.

"लहान वाटते जरा."

"लहान?" चाक्या दारातून म्हणाला. "आठ-नऊ माणसं राहायचात तुम्ही इथे. दोन आज्या धरून."

"एक आजी."

"दोन."

"माझी आजी मला ठाऊक नाही आणि तुला ठाऊक? एकच होती. इथे खाटेवर बसायची आणि दिवसभर शिव्या द्यायची."

"बरोबर. ती थोरली, तुझ्या बापाची आई. शिव्या द्यायची. पण कोणाला द्यायची गं?"

खाट असायची त्या कोपऱ्याकडे आत्या वळल्या.

कोणाला? त्या शिव्या काही हवेत जात नव्हत्या. खाटेच्या दुसऱ्या टोकावरून एक बारीक, चिरका आवाज प्रत्येक शिवी व्याजासकट परत करायचा. आत्या तेव्हा एवढुशा होत्या. दोन आवाज त्यांच्या मनात कधी एकाला एक वळले गेले ते त्यांना कळलंच नव्हतं.

"धाकटी," चाक्या म्हणाला. "तुझ्या आईची आई. डोळे गेले म्हणून तुझी आई तिला इथे घेऊन आली. मी चाकावर होतो त्या दिवशी. थोरली याच दारात आडवी उभी. म्हणाली, एका म्यानात दोन तलवारी मावत नसतात."

आत्यांनी चमकून पाहिलं. त्या दिवशी चहाच्या वेळी तेच बोल किती ऐटीत फेकले होते, आपले म्हणून.

"मग?"

"मग काय! खाट एकच. एकीचं डोकं इकडे, एकीचं तिकडे. 'तुझे पाय माझ्या स्वप्नात येतात' म्हणून भांडायच्या. पण डोळे गेले तरी धाकटी दोर वळायची थांबली नाही हं. उलटं चालायला डोळे कशाला लागतात? तिच्या मागे फक्त सतत कोणीतरी हवं. तर थोरली दिवसभर तिच्या मागे मागे. 'पाठ' आणि एक शिवी, 'पाठ' आणि एक शिवी. दुसऱ्या कोणाला ते काम करू द्यायची नाही." चाक्या जरा थांबला. "धाकटी गेली ना, त्यानंतर थोरली खाटेच्या आपल्याच अर्ध्या भागावर झोपायची. उरलेल्या अर्ध्यावर तुम्हा पोरांपैकी कोणी पाय ठेवला, की धपाटा."

आत्या खिडकीशी गेल्या. खाली पांढऱ्या बुटांच्या मुलीचा वर्ग परत निघाला होता. एकमेकांना जपत, माना वळवत, हसत. आत्या आणि गप्प! चाक्या घाबरला. त्याने विचारलं, "पाणी आणू का?"

"नको," आत्या म्हणाल्या. "तुझी कॉफी अजून पायावरच आहे."

"मग मावशी, खोली पक्की धरू?" पाववालीने विचारलं.

"खोली सोन्यासारखी आहे गं," आत्या म्हणाल्या. "तिला चांगलं माणूस बघ. मला दोन पाव दे. गरम. नाही, मोठा दे एकच. घरी माणसं वाढतायत."

इकडे आमच्या इमारतीत जिन्याच्या प्रत्येक पायरीवर माणूस होतं. आत्या पाव काखेत मारून चढू लागल्या तशी कुजबूज बंद झाली. शिंपी दाराआड. मास्तर चष्मा पुसत. तिसऱ्या मजल्यावर सून डोळे लाल करून उभी.

"आई, पेटी न्यायला आलात का?"

"कोणाची पेटी?"

"तुमची. आणि ते... गृहस्थ... खाली थांबलेत का?"

आत्यांनी जिन्यातून खाली पाहिलं. वरपासून खालपर्यंत सगळे एकदम आपापल्या नखांकडे बघू लागले. "शिंपीदादा," आत्या म्हणाल्या, न ओरडता, म्हणजे तळमजल्यावर स्पष्ट ऐकू जाईल इतपत, "त्या गृहस्थांना एक विजार शिवायची आहे. माझ्या वजनाने उसवली. माप तुम्ही लांबून घेतलंच आहे."

मग त्या आत गेल्या, पाव ओट्यावर ठेवला आणि थेट आपल्या खोलीत शिरून पलंग ओढू लागल्या. मुलगा धावत आला.

"आई, काय करतेस?"

"बघत काय उभा राहिलास? उचल तिकडून. माझा खिडकीकडे. तिचा आणाल तो दाराकडे, गुडघ्याच्या माणसाला दार जवळ बरं. कपाटाचा वरचा खण माझा, खालचा तिचा. नको, उलटं कर. वाकणार कशी ती? आणि कापूस आण कानात घालायला."

सून दारात उभी राहून रडायला लागली. आत्यांनी तिच्याकडे पाहिलं. "रडतेस काय? पाव काप. गार होतोय."

विहीणबाई आल्या, आणि आल्या दिवशीच खिडकीवरून जुंपली. त्यांना वारा हवा, आत्यांना नको. दुसऱ्या दिवशी आत्यांना हवा, त्यांना नको. आत्यांनी उलट्या चालीच्या वर्गाला न्यायचं काढलं, तर विहीणबाई म्हणाल्या, "सरळ चालता येईना म्हणून लेकीकडे आले, आणि तुम्ही मला उलटी चालवणार? यापेक्षा ऑपरेशन बरं होतं." आत्या म्हणाल्या, "उलटंच चाला, मागे मी आहे 'पाठ' ओरडायला. तेवढा वेळ तरी जाग्या राहाल, घोरणार नाही." यावर विहीणबाई म्हणाल्या, की घोरतं कोण ते रेकॉर्ड करून ऐकवते. भिंतीला कान लावायची गरज नाही, जिन्यात उभं राहिलं तरी पुरतं. मास्तरांनी तर संध्याकाळचं फिरणंच बंद केलंय. सून म्हणते, आईंची भूक वाढलीय. दोन्ही आईंची.

परवा गच्चीत आत्या चादरी वाळत घालत होत्या. शिंप्याने धीर करून, तोंडातल्या टाचण्या काढून विचारलं, "आत्या, एक मनात आहे. एवढी सुंदर खोली, खिडकी, नळ, गरम पाव, आणि सगळी माणसं अशी लोण्यासारखी. सोडवली कशी हो तुम्हाला?"

आत्यांनी चादर झटकली. शिंपी दोन पावलं मागे गेला.

"खोली झकास होती हो. पण तिथली माणसं इतकी गोड, की भांडायला मला रोज बस पकडून इथंच यावं लागलं असतं."